उंबऱ्यावरचा कुत्रा

दोन नद्यांमधल्या देशात राक्षसांची ये-जा पाहुण्यांसारखी चाले, तेव्हाची ही गोष्ट. अहातूला बाळ झालं. तान्ही बाळं पळवणारी लमाश्तू राक्षसीण येऊ नये म्हणून तिनं रिवाजाप्रमाणे उंबऱ्यावर मातीचा कुत्रा ठेवला आणि पाळण्यावर पझूझूचं मातीचं मुंडकं टांगलं.

उभी शेतं जाळणाऱ्या वाऱ्याचा हा राक्षस, आणि बाळाच्या उशाशी? कुत्र्याला काही ते पटेना. त्यानं दाराकडे पाठ फिरवली आणि मुंडक्यावर नजर रोखली.

"काय बघतोस रे?" पझूझूनं विचारलं.

"तुझ्यावर पाळत ठेवतोय. बाईला चकवलंस, मला नाही चकवणार."

"आणि दार?"

"बोलण्यात गुंतवू नकोस मला!"

इतक्यात मागून गोड आवाज आला, "सुईण आलेय गं, बाळाला तेल लावायला." कुत्र्याच्या पाठीला लांब, थंडगार नखं घासून गेली. सुईण कधी अशी नखं ठेवते? तो दचकून वळेपर्यंत लमाश्तूनं पाळण्यात हात घातला होता. तोच मुंडक्यातून तापलेला वारा सुटला आणि ती किंचाळत पळाली. ती उंबरा ओलांडताना कुत्र्यानं तिची टाच फोडली.

बाळ रडून रडून झोपलं.

"का वाचवलंस त्याला?" कुत्र्यानं हळूच विचारलं.

"तिचं नि माझं जुनं वैर आहे."

"मग माझा अजूनही तुझ्यावर विश्वास नाही."

"ठेवूही नकोस. गेल्या साली अहातूचं शेत मीच जाळलं. फक्त एक डोळा दाराकडे असू दे."

तेव्हापासून कुत्रा तिरका बसतो. झाडताना धक्का लागला असेल, असं म्हणत अहातू त्याला रोज सरळ करते.