शेवंताचं बंद दार

माणसांनी जंगलाला तिकीट लावलं, त्या काळातली ही गोष्ट. एका प्राणिउद्यानात शेवंता नावाची म्हातारी वाघीण दिवसभर गुहेत पडून असायची. वाघ दिसत नाही, अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा साहेबांनी हुकूम सोडला, "दिवसा तिच्या गुहेचं दार लावून टाका."

भर उन्हाळ्यात शेवंता तापलेल्या खडकावर धापा टाकत बसली. शेजारच्या सिंहाने जाळीतून विचारलं, "आजी, आत का जात नाहीस?"

"मी लोकांना दिसायला हवी म्हणे."

"आणि ऊन?"

"ते कुणी विचारलंच नाही."

सिंहाचं डोकं फिरलं. त्याने अशी गर्जना केली की जाळी थरथरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वा! पुन्हा एकदा!" कुणीतरी ओरडलं.

सिंहाला त्या टाळ्यांची किळस आली. आपल्या चारही सिंहिणींना घेऊन तो गुहेत शिरला, तो दोन दिवस बाहेर आलाच नाही. साहेब तणतणत आले.

"यांचंही दार लावा!"

"आधी त्यांना बाहेर काढावं लागेल," रखवालदार कोंडाजी म्हणाला. "तुम्ही आत जाता का?"

कपाळावरचा घाम पुसत साहेब सावली शोधू लागले.

"साहेब, तुम्हाला इथे येऊन पाच मिनिटं झाली. ती तीन दिवस उन्हात आहे," कोंडाजी म्हणाला, आणि परवानगीची वाट न बघता त्याने बाहेरूनच साखळी ओढून शेवंताचं दार उघडलं.

शेवंता उठली आणि कुणाकडेही न बघता आत गेली.