भिवसेनने आकडा पाडला

एका गावात एक भोळा भिवसेन होता. भोळा म्हणायची ती फक्त त्याची बहीण, कौसाक्का. गाव दुसरा शब्द वापरायचं.

कौसाक्काची द्राक्षबाग यंदा नुसती लगडली होती. शुक्रवारी व्यापाऱ्याची गाडी येणार होती, पण व्यापाऱ्याची एक अट होती. द्राक्षांवर फवारणीचं औषध सापडलं, तर गाडी रिकामी परत. अक्काची वर्षाची मेहनत त्या गाडीवर होती. औषध हुडकणारं तळहाताएवढं यंत्र तालुक्याच्या प्रयोगशाळेत देवयानी मॅडमकडे होतं. अक्काला बाग सोडवेना, म्हणून भिवसेन निघाला.

मॅडमनी आधी यंत्राच्या पट्ट्या दिल्या. "पट्टीवर एन्झाइम असतं. ते कामात असलं की वीज वाहते, आकडा वर राहतो. औषध लागलं की ते लुळं पडतं, आकडाही पडतो. जपून न्या."

भिवसेनने पट्ट्या जपून टोपीत ठेवल्या. टोपी डोक्यावर, डोकं उन्हात. घरी पोचेपर्यंत एन्झाइमने राम म्हटला.

"अहो, गार ठेवायचं! बर्फात घालून न्यायचं!" तो परत गेल्यावर मॅडम म्हणाल्या.

"आधी सांगायचं न्हाई व्हय!"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी यंत्र दिलं. भिवसेनने ते बर्फात पुरलं. वितळलेलं पाणी यंत्राच्या पोटात गेलं.

"अहो, कोरडं ठेवायचं! स्वच्छ पुसून ठेवायचं! राहू दे, तुम्ही द्राक्षांचा घडच इकडे आणा."

भिवसेनने घडाचा एकेक मणी साबणाने घासला, पंच्याने पुसला. घड आरशासारखा चमकत होता.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "औषध सालीवर असतं, तेच पुसून आणलंत? हात लावायचा नाही! आहे तसं राहू द्यायचं!"

"बरं," म्हणून भिवसेन घरी आला. बागेत शेळी शिरली होती. त्याने हात लावला नाही. अक्का धावत येईपर्यंत अर्धी ओळ फस्त.

"आरं, हाकलायची न्हाईस?"

"म्याडम म्हनल्या, हाय तसं ऱ्हाऊ द्यायचं."

अक्का आधी हसली, मग रडली.

गुरुवारी मॅडमनी दुसरं यंत्र आणि नव्या पट्ट्या काढल्या आणि भिवसेनला समोर बसवून शिकवलं. "आधी यंत्र खरं बोलतंय का बघायचं. हा औषधाचा थेंब टाका. आकडा पडला ना? म्हणजे सगळं ठीक. नाही पडला, तर औषध वाढवायचं."

भिवसेन वाटभर घोकत आला. पडला, ठीक. नाही पडला, औषध वाढवायचं.

शुक्रवारी पहाटेच तो बागेत गेला. सालीसकट मणी चेचून रसाचा थेंब टाकला. आकडा वरच. दुसरा घड घेतला. आकडा वरच. तिसरा, चौथा, दहावा. आकडा जागचा हलेना. बिचाऱ्या अक्काचा माल गेला!

मग त्याला मॅडमचं बोलणं आठवलं आणि त्याने पाठीवर पंप चढवला.

दुपारी गाडी आली. अक्का व्यापाऱ्याला चहा देत होती, तेवढ्यात भिवसेन नखशिखांत भिजून, नाचतच अंगणात आला.

"अक्के, काळजी सोड! आकडा काय केल्या पडंना. म्हनून बाग फवारून काढली. आता यंत्र लावशील तिथं पडतोय!"

अक्काच्या हातातली किटली खाली पडली. व्यापारी उठून चपला शोधू लागला.

"आवं पावनं, बसा की," भिवसेन म्हणाला. "दोन वळी ऱ्हायल्यात, औषध संपलंय. तुमची गाडी रिकामीच हाय, तेवढं घिऊन येता का?"