वैशाखातले मोजमाप

शके अठराशे सत्त्याण्णव. वैशाख सरत आला होता. ओढ्याकाठच्या एका रानात एक साळिंदर कंद पिकवून पोट भरी. मुलांनो, मध्ये बोलू नका, ऐका. त्या रानात नीलगायींचा मोठा कळप होता. कळपाची सगळी घाण एका खड्ड्यात साचे, तिथेच कुजे, उन्हात वाळे. मग ज्याला हवे त्याने ते खत जमिनीत घालावे. पण रानाच्या पंचांनी एक नियम घातला होता. पाण्यापासून हरणाच्या वीस उड्यांच्या आत खत पसरायचे नाही.

माळावर कंद बोटभरच होत. साळिंदराला काठची मऊ जमीन हवी होती. सकाळपासून ते येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्याने शेजारच्या हरिणीला बोलावले. "बाई, वीस उड्या मार. पहिला कंद तुझ्या पाडसाला देईन."

हरिणी ओढ्यात उतरली. मधोमध पाण्याची बारीक धार होती. "भाऊ, कुठून मारू? ओढा एवढाच असतो का?"

"नियमात पाणी म्हटलंय. पाणी तिथं आहे. मार."

"आणि आषाढात काय करशील?"

"आषाढात कंद मोजीन. तू उड्या मोज."

विसावी उडी काठच्या वाफ्यात पडली. तिथून पुढे साळिंदराने खत पसरले. पंच बघून गेले. त्यांना चूक सापडली नाही.

आषाढात ओढा फुगला. काठ ओलांडून वाफ्यात शिरला आणि ओसरताना खत डोहात घेऊन गेला. पाणी काळे झाले. मग पावसाने उघडीप दिली. खाली डबकी उरली, तीही त्याच पुराची. हरिणीचे पाडस ते पाणी प्यायले. त्याला हगवण लागली, पाय उचलेनात. हरिणी त्याच्याभोवती फिरत राहिली. बसली की लगेच उठे.

साळिंदर आले. त्याचे काटे उगाच खडखडत होते. "मी नियम मोडलेला नाही. उड्या तूच मारल्यास."

"मारल्या. म्हणूनच डोळा लागत नाही. पण भाऊ, तू नियम मोडलास असं मी म्हटलं का? पाडस उठत नाही, एवढंच म्हणते. याला प्यायला काय देऊ?"

साळिंदर मागे फिरले, पुन्हा आले, पाडसाकडे पाहिले. मग वाफ्याच्या वरच्या अंगाला, जिथे खत पसरले नव्हते आणि पूरही पोचला नव्हता, तिथल्या वाळूत नखे घालून झिरा उकरू लागले. नखे तुटली तरी थांबले नाही. पहिले पाणी गढूळ आले, ते उपसून टाकले. दुसरेही टाकले. पुढचे निवळले, तेव्हा आधी स्वतः प्यायले. दिवस मावळेपर्यंत आपल्या पोटाचे काय होते ते पाहिले. मगच हरिणीला हाक मारली.

पाडस रोज तिथेच पाणी पिऊ लागले आणि काही दिवसांनी आईमागे चालू लागले. तोवर वाफ्यात उरलेले खत साळिंदराने माळावर नेले होते. नासवलेल्या पाण्याचे देणे त्याने पाण्यानेच फेडले.

तात्पर्य एवढेच : नियम कुणाला वाचवण्यासाठी केला आहे ते आधी पाहावे, आणि पाण्यापासूनचे अंतर ओढा भरलेला असताना मोजावे.