राहून गेलेला सलाम

खाडीकाठच्या एका इवल्याशा गावात सफूरा राहायची. तिचे अब्बा समुद्रावर गेले ते परतलेच नव्हते. अम्मी लोकांची जाळी दुरुस्त करून द्यायची. सफूराच्या ओढणीला इतकी ठिगळं होती, की तिचा मूळ रंग कुठला ते कळतच नसे. पण घरट्यातून पडलेलं पिल्लू दिसलं, की ही पोर स्वतःची भूक विसरायची.

शेजारच्या हाजराखाला, म्हणजे हाजरामावशी, धक्क्यावर सुकी मासळी विकायच्या. नमाजाआधी वुजू करताना हात कोपरापर्यंत कसे धुवायचे, सजद्यात कपाळ जमिनीला कसं टेकायचं, सगळं त्यांनीच सफूराला शिकवलं होतं. आता त्यांचे गुडघे वाकत नसत. त्या बाजेवर बसून नमाज पढायच्या.

एका दुपारी मदरशातून परतताना चंदेरी काठांच्या ओढण्या घेतलेल्या मुलींनी प्रथमच सफूराला आपल्यात घेतलं. समोरून टोपली घेऊन हाजराखाला आल्या.

"अस्सलामु अलैकुम, सफू!"

मुलींनी नाकं दाबली. आणि सफूरा? ती खाली मान घालून तशीच पुढे गेली.

घरी तिनं वुजूला पाणी घेतलं. गार पाण्यानंही चेहऱ्याची आग जाईना. ती पळत केवड्याच्या बनात गेली आणि ओढणीत तोंड लपवून रडली.

तेवढ्यात सोनेरी कणसातून एक चिमुकली परी उतरली. पंख पिस्त्यासारखे हिरवे, केसांत दवाचे लुकलुकते मणी!

"अस्सलामु अलैकुम, सफूरा."

"मला नको गं सलाम करूस," सफूरा हुंदके देत म्हणाली. "मला उत्तर द्यायची लाज वाटते."

"एक इच्छा माग, बाळ."

"खालांना दुपारचं सगळं विसरायला लाव!"

परीनं हळूच मान हलवली. "कुणाचं मन पुसता येत नाही. आणि ज्याला दुखावलंस, त्याच्यासमोर आधी उभं राहावं लागतं. मगच इच्छा फळते."

सफूरानं डोळे पुसले. "मग खालांचे गुडघे बरे कर."

ती धक्क्यावर पोचली तेव्हा आभाळ डाळिंबी झालं होतं. त्या मुली तिथंच होत्या. सफूराचे कान तापले. तरी ती खालांच्या टोपलीजवळ गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वालेकुम अस्सलाम, खाला! दुपारी मी ऐकलं होतं. मुद्दाम बोलले नाही. माझी मलाच लाज वाटते."

हाजराखालांनी टोपली बाजूला सारली. "लागलं होतं गं मला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तिला पोटाशी धरलं.

सूर्य मावळला, मगरीबच्या नमाजाची अजान झाली. घरी येऊन खालांनी अंगणात चटई अंथरली. सफूरा त्यांच्या डावीकडे उभी राहिली. सजद्याची वेळ आली आणि खाला अलगद वाकल्या, कपाळ थेट जमिनीला टेकलं! चटईवर टपटप आसवं पडली.

नमाज संपताना मान वळवून सलाम करायचा असतो. सफूरानं उजवीकडे पाहिलं, तर खालांचा ओला, हसरा चेहरा. डावीकडे वळली, तर कुंपणावर पिस्ता रंगाचा एक उजेड लुकलुकला, मोठा झाला, आणि हळूहळू संधिप्रकाशात विरघळून गेला.