नसलेल्या तळ्याचा कातळ

कुंभेरीच्या घाटमाथ्यावर, खिंडीच्या तोंडाशी एक आडवा काळा कातळ आहे. चार खाटा मावतील एवढा. त्यावर छिन्नीनं कोरलेल्या नद्या आहेत, गावं आहेत, पाऊलवाटा आहेत. कडेला खुणांची ओळ: पूर्ण वर्तुळ म्हणजे बारमाही पाणी, अर्धं म्हणजे होळीनंतर आटणारं. एक कोपरा मात्र कोराच आहे. पाहुणे आले की गावचा म्हातारा जानू झोरे त्यांना वहाणा काढायला लावतो.

"देव कोण नाही इथं," तो म्हणतो. "एका माणसाची लाज हाय."

तो माणूस लखबा चितारी. खालच्या देसायांच्या पदरी होता, असं सांगतात. देवळांच्या भिंती रंगवाव्यात तर त्यानंच. देसायांनी त्याला घाटवाटांचा नकाशा काढायला सांगितला. लखबा तीन महिने हिंडला. सगळं पाहिलं, फक्त खिंडीपलीकडचा सडा, ते उघडं कातळी पठार, तेवढा राहिला. उन्हाचा कडाका होता, पाय सुजले होते. पायथ्याशी एका गुराख्याला त्यानं विचारलं, "वर पाणी असतं का रे?" गुराखी म्हणाला, "असतं की, श्रावणात बघितलंय मी."

लखबा तिथूनच माघारी फिरला.

घरी बसून नकाशा रंगवताना तो रिकामा कोपरा त्याला डोळ्यात सलायला लागला. त्यानं तिथं एक निळं तळं काढलं. तळ्यात कमळं, काठावर दोन बगळे. देसायांनी नकाशा पाहिला, आणि सगळ्यात जास्त वाखाणला तो तळ्याचाच कोपरा. लखबाला शेला मिळाला. तो खांद्यावर घेताना आतून काहीतरी टोचलं म्हणे, तरी तो घेऊन घरी गेला.

नकाशाच्या नकला मीठ वाहणाऱ्या तांड्यांना वाटल्या गेल्या. दुसऱ्या वर्षी वैशाखात तिघा भावांचा एक तांडा जवळची वाट म्हणून सड्यावरून निघाला. तळं दिसेना. नकाशा चुकला असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. आपणच वाट चुकलो असं समजून दोन दिवस ते तळं शोधत राहिले. तिघे भाऊ गेले, बैल गेले. एकटी ठकू, थोरल्याची बायको, खाली पोचली.

देसाई लखबाला म्हणाले, "तू ऐकलंस तसं काढलंस. तुझा काय दोष?" त्या बोलण्यानं तर लखबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी चार फटके मारले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

मग एका सकाळी ठकू त्याच्या दारात आली. हातात तोच नकाशा.

"चितारीदादा, हे तळं मला दाखवा," ती म्हणाली.

नाही म्हणायला तोंड नव्हतं. तो तिच्यामागून सडा चढला. वर तापलेला जांभा, वाळकं गवत, आणि दगडांखाली ठेवलेले तिघे. लखबाची मान वर होईना.

"मला ठाऊक नव्हतं, बाय," तो कसाबसा म्हणाला.

"मग कोरं सोडायचं हुतं," ठकू म्हणाली. "कोरं बघून आमी पाणी भरून घेतलं असतं."

त्यानंतर लखबानं रंगाला हात लावला नाही. शेला परत केला आणि खिंडीत झोपडी घातली. जिथं माझा पाय गेला नाही तिथं माझा हात जाणार नाही, असा पण केला. पावलं मोजत तो बारा वर्षं हिंडला. हजार पावलांना कातळावर एक बोट, हे त्याचं माप. पाण्याची प्रत्येक जागा तो पावसाळ्यात एकदा आणि वैशाखात एकदा पाहून यायचा, मगच वर्तुळ कोरायचा. सड्याची जागा आली तेव्हा मात्र तो छिन्नी नुसती धरून बसला. मीठ घेऊन जाणारी ठकू तिथं थांबली होती. तिनं छिन्नी मागून घेतली आणि स्वतः तीन खळगे पाडले.

पुढे लखबाचे गुडघे गेले. उत्तरेचा कोपरा राहिला. ठकूला तो मुलूख माहीत होता. "मी सांगते, तुमी काढा," ती म्हणाली. लखबानं नाही म्हणून मान हलवली. "तिकडं तुझे पाय गेलेत, माझे नाही." त्याच हिवाळ्यात तो गेला.

पावसाळ्यात सगळ्या कातळावर शेवाळ धरतं, पण कोऱ्या कोपऱ्यावर धरत नाही, असं म्हणतात.

आजही कुंभेरीत कुणाला वाट विचारली आणि त्यानं ती चालून पाहिलेली नसली, तर तो अंदाजानं हात दाखवत नाही. "माझे पाय गेले नाहीत तिकडं," एवढंच सांगतो. आणि असं सांगताना इथं कुणीही मान खाली घालत नाही.