नाव पुसलेली रेषा

एकदा एका विणकरांच्या पेठेत एक वृद्ध वैद्य राहत असत. पेठ अशी, की घरटी एक हातमाग. वैद्यांच्या हाताखाली शिकायला शहरातून एक शिष्या आली. मुलगी बुद्धिमान होती, कष्टाळू होती, आणि बुद्धिमान माणसाला असते ती घाईही तिच्यापाशी होती. विणकरांची पाठ का धरते, झोप का उडते, हात अकाली का थकतात, याचा तिला शोध घ्यायचा होता. त्यासाठी तिने मनगटावर बांधायची यंत्रे आणली. दिसायला घड्याळासारखी, पण नाडी, झोप आणि हाताची प्रत्येक हालचाल टिपून तिच्या संगणकाकडे धाडणारी.

वैद्यांची शिष्या म्हणून लोकांनी विश्वासाने हात पुढे केले. गयाबाई तेवढी मागे राहिली. पदरावर मोर विणण्यात तिचा हात धरणारे पेठेत कोणी नव्हते.

"ह्यात काय काय दिसतं गं पोरी?" तिने विचारले.

"तुमचं नाव कुठेच येणार नाही, मावशी," शिष्या म्हणाली.

विचारले होते एक आणि उत्तर मिळाले भलतेच. पण शिष्येच्या ते ध्यानात आले नाही, आणि गयाबाईला पुन्हा विचारायचा संकोच वाटला. तिने घड्याळ बांधून घेतले.

काम पुरे झाले. लोकांकडून जे घेतले ते लोकांना दाखवावे, असे शिष्येला वाटले. विचार वाईट नव्हता. वाईट विचाराने झालेल्या चुका निदान ओळखू तरी येतात. मारुतीच्या सभामंडपात पडदा लागला. सारी पेठ जमली. रेशीम पुरवणारा आणि तयार साड्या उचलणारा व्यापारीही पुढे खुर्ची टाकून बसला. पडद्यावर रंगीत रेषा उमटल्या, एकेका माणसाच्या दिवसाची एकेक रेषा. नाव कुठेही नव्हते.

पेठेने त्याचा खेळ मांडला. "ही हिरवी बघा, घडीघडीला थांबतेय. तंबाखू मळायला सोपानशिवाय कोण उठतंय?" हशा पिकला. "अन् ही भर दुपारी आडवी झालेली आमच्या मामंजींची," एक सून पदराआडून म्हणाली. पुन्हा हशा. शिष्याही हसली. आपल्या कामात लोक इतके रमले याचे तिला कौतुकच वाटले.

मग निळी रेषा आली. ती सगळ्यांच्या आधी, पहाटेच सुरू होत होती, आणि पहाटे पहिला वाजणारा माग कोणाचा हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. "गयाबाई," कोणीतरी म्हणाले. त्या रेषेला करवतीसारखे बारीक दाते होते.

"हे असं का हो?" व्यापाऱ्याने विचारले.

"हाताला कंप आहे," शिष्या म्हणाली. "सुरुवातीचा आहे, पण आहे."

नाव तिने ऐकले नव्हते, की ऐकूनही विद्येच्या भरात तोंड थांबले नाही, हे तिला पुढे आयुष्यभर नक्की सांगता आले नाही. मंडपातले हसू थांबले. गयाबाईने उजवा हात पदराखाली घेतला.

व्यापारी सभ्य माणूस होता. तो रागावला नाही, वाईट बोलला नाही. फक्त मोरपदराचे रेशीम त्याने दुसऱ्या घरी पाठवले आणि गयाबाईला निरोप धाडला, की आता तुम्ही साधे काठ विणा, जिवाला त्रास नको. तिच्या साडीत एकही धागा चुकलेला त्याला तोवर सापडला नव्हता.

शिष्या वैद्यांकडे धावत गेली. "गुरुजी, मी परवानगी घेतली होती. नावं पुसली होती. नियमात आहे ते सगळं केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्यांनी दाराबाहेरची स्वतःच्या नावाची पितळी पाटी उतरवली.

"घासायला द्यायची का?" शिष्येने विचारले.

"नाही. तू आज दारात बस. वाट चुकून कोण पुढे जातं ते मला सांग."

रोगी नेहमीसारखे आले. एक आजी डोळ्यांनी अधू, त्या काढ्याच्या वासावर आल्या. परगावच्या एका माणसाने कोपऱ्यावर चौकशी केली, तर त्याला 'पायरीवर चपलांचा ढीग दिसेल तिथं' एवढेच सांगण्यात आले, आणि तो बरोबर पोचला. पाटी नाही हे कोणाच्या लक्षातही आले नाही. गर्दी ओसरल्यावर शिष्या म्हणाली, "कोणीच चुकलं नाही, गुरुजी."

"पाटी काढली म्हणून घर लपत नाही," वैद्य म्हणाले. "माणूस नावापुरता नसतो, बाळ. तो केव्हा उठतो, कुठे थांबतो, कशाला अडखळतो, यात तो सगळा असतो. परमुलुखात तुझी रेषा निनावी राहिली असती. जन्मभर शेजारी माग चालवणाऱ्यांना ती चेहऱ्यासारखी ओळखू आली. आणि आणखी एक. नाडी पाहून जे कळतं, ते मी आधी कोणाला सांगतो?"

"ज्याची नाडी, त्याला."

"तुझ्या यंत्रानं साऱ्या पेठेची नाडी एकदम पाहिली. विद्या थोर आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण गयाबाईनं मनगट तुझ्यापुढे धरलं होतं, पेठेपुढे नव्हे. जा तिच्याकडे. क्षमा मिळेल म्हणून मात्र जाऊ नकोस."

गयाबाई मागावर साधा काठ विणत होती. तिने शिष्येला बसायला पाट दिला.

"माझं चुकलं, मावशी," शिष्या म्हणाली. "यावर औषध आहे. मी स्वतः..."

"घेईन की औषध. तुझ्यावर राग नाही माझा." गयाबाईने माग थांबवला. "हात थरथरतोय हे मला कधीचं ठावं होतं गं. पहाटे तो जरा शांत असतो, म्हणून मोर पहाटे विणायचे अन् उन्हं वर आली की साधं काम. सुनेला शिकवत होते. तिचा मोर उडायला लागला की मीच शेटजींकडे जाणार होते. म्हणणार होते, शेटजी, आता माझं पुरे, हिच्या हाती रेशीम द्या." तिने काठाचा एक धागा सारखा केला. "तेवढं माझ्या तोंडानं सांगायचं होतं."

शिष्येच्या डोळ्यांत पाणी आले. औषध ती देऊ शकत होती. व्यापाऱ्याचे पाय धरून रेशीमही कदाचित परत आणू शकली असती. पण जे बोलण्याचा हक्क एकट्या गयाबाईचा होता ते ती स्वतः बोलून बसली होती, आणि ते परत करण्याचा उपाय तिच्या विद्येत नव्हता. गयाबाईने पुन्हा धोटा उचलला, आणि शिष्या तिचे विणणे पाहत बसून राहिली.