एक फेरी आधी

"मग सही का करत नाही, चाचा?"

गोष्ट इथून सुरू होते. डोक्यावर उरलेल्या केसांची शपथ, अक्षर न् अक्षर खरी आहे. मी तिथंच होतो. मिरजेत, दस्तगीरचाचांच्या सायकल दुकानात, पंक्चर काढायला गेलो होतो.

म्हणजे पंक्चर नव्हतं. सायकलच नाही माझ्याकडं. तेवीस वर्षांत बसलेलोही नाही. पण बाकी सगळं खरं.

दस्तगीरचाचा सायकल शर्यतींचे जुने पंच. नवे पंच तयार करायचं काम संघटनेनं त्यांच्यावर सोपवलेलं. वर्षभर शिकवायचं, शेवटी तोंडी परीक्षा, मग फॉर्मवर सही. सही झाली तर प्रमाणपत्र. नाहीतर पुढल्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

विचारणारा भरतेश चौगुले. हायस्कुलात खेळाचा मास्तर. लेखी परीक्षेत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. फॉर्म संध्याकाळपर्यंत सांगलीला पोचवायचा होता, आणि गड्यानं पंचाचा कोटसुद्धा शिवून ठेवला होता.

"कुठलाही नियम विचारा," भरतेश म्हणाला.

चाचा एका वाकड्या चाकाचा आउट काढत होते. चाक फिरवायचं, डोळा बारीक करून बघायचं, तार आवळायची.

"एकच विचारतो. शेवटची फेरी सुरू होताना पंच घंटा वाजवतो. समजा, ती एक फेरी आधी वाजली. सगळ्यात पुढच्या पोरानं जीव तोडून सायकल मारली, रेघ ओलांडली, हात वर केले, उतरला. बाकीचे राहिलेली फेरी मारून आले. त्या पोराच्या नावापुढं काय लिहिशील?"

"अपूर्ण." भरतेशनं श्वाससुद्धा घेतला नाही. "निकाल अंतरावर. घंटेवर नाही."

"बरोबर."

"मग करा सही."

"नाही."

"चाचा, बरोबर म्हणताय आणि नाही म्हणताय! माझ्यात चूक तरी दाखवा."

"घंटा कुणी वाजवली, ते तू विचारलंच नाहीस."

चाक फिरत राहिलं...

भिंतीवर खिळ्याला एक पितळी घंटा लटकत होती. तिच्या लोलकाला जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली. वर्षभर ती घंटा भरतेशच्या डोळ्यासमोर होती. आज त्यानं पाहिली.

"...कुणी वाजवली होती, चाचा?"

"राहिलेल्या फेऱ्यांच्या पाट्या असतात ना, एकेक उलटायच्या. आदल्या दिवशी मीच त्यांना नवा रंग दिला. शर्यत चांगली दिसावी म्हणून. रंग नीट वाळला नव्हता. तीनची आणि दोनची पाटी चिकटली, एकदम उलटली. मला एकचा आकडा दिसला. मी घंटा वाजवली."

"मग?"

"चूक कळली तेव्हा ओरडलो, अजून एक फेरी! मागच्यांनी ऐकलं. तो तोवर उतरला होता. बापानं त्याला उचलून घेतला. एकोणीस वर्षांचं पोरगं, कडेवर. बाकीचे शेजारून सुसाट गेले, तर बाप हसत विचारतोय, अरे, आता हे कुठं चाललेत सगळे?"

भरतेश फॉर्मकडं बघत होता.

"आणि तुम्ही..."

"मी अपूर्ण लिहिलं. सुवाच्य अक्षरात."

"माफी मागितली?"

"कागदावर त्याला रकाना नव्हता."

"तो पोरगा आता काय करतो?"

"दूध घालतो. रोज सकाळी दुकानावरून जातो. सायकलची घंटा एकदाच वाजवतो."

भरतेशनं फॉर्म उचलला, घडी घातली.

"येतो पुढल्या वर्षी," तो म्हणाला.

चाचांनी हात पुढं केला. घडी उलगडली. ग्रीसचे हात शर्टाला पुसले आणि सही केली.

भरतेश पाया पडायला वाकला, चाचांनी मधेच धरला. मग तो बस स्टँडच्या बाजूला चालत गेला, सावकाश, जणू कागद जड झाला होता.

आता यात बनावट कुठली, तेवढं सांगून टाकतो.

दूधवाला कुणी नाही. तो मी घातला. पोरगा आता काय करतो, असं भरतेशनं विचारलं तेव्हा चाचांनी नुसतं बाकाकडं बघितलं होतं.

बाकावर मी बसलो होतो. रोज बसतो. चहा पितो, थापा मारतो, गिऱ्हाइकांना हसवतो. त्या शर्यतीबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. वडील गेले तेव्हाही नाही.

भरतेश दिसेनासा झाल्यावर मी म्हटलं, "सोडा की चाचा आता. तेवीस वर्षं झाली."

चाचांनी चाक सायकलीला बसवलं. नट आवळले. सायकल बाहेर काढून रस्त्याच्या कडेला उभी केली. मग खिळ्यावरची घंटा उतरवली आणि लोलकाची पट्टी सोडायला बसले. रबर पितळेला चिकटलेलं, नखानं खरवडावं लागलं. बराच वेळ लागला...

"चल," ते म्हणाले. "एक फेरी राहिलीय तुझी."